तफसीर म्हणून ठेवलेला शाहनामा

फ्लॉरेन्समधल्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक जाड फारसी पोथी होती. यादीत तिची नोंद होती: कुराणावरचे भाष्य, म्हणजे तफसीर. १९७७ साली अँजेलो पिएमोंतेसे या अभ्यासकाने ती नीट वाचली. आत रुस्तम होता, सोहराब होता. तो फिरदौसी या कवीचा शाहनामा, म्हणजे इराणच्या राजांचे आणि वीरांचे फारसी महाकाव्य, होता. नकल १२१७ सालची. आज हाती असलेल्या सगळ्या प्रतींत जुनी.

काव्य पुरे झाले १०१० मध्ये. म्हणजे सर्वांत जुनी प्रतसुद्धा कवीनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेली.

मधल्या लेखनिकांनी नुसती नक्कल केली नाही. शाहनाम्याचे वृत्त मुतकारिब. ते आपल्या कानाला अजिबात परके नाही. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणा आणि शेवटचे अक्षर सोडा: ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जा’. झाली फिरदौसीची चाल! ती एकदा अंगात भिनली की ओळी सुचतच जातात. लेखनिकांनाही सुचल्या. जुना शब्द अडला, तिथे सोपा घातला. प्रसंग आवडला, तिथे बैत, म्हणजे दोन चरणांची कडवी, वाढवले. १८२९ साली कोलकात्यात टर्नर मॅकनने छापलेल्या शाहनाम्यात बैत ५५ हजारांच्या पुढे गेले होते.

जलाल खालेगी-मोतलघ यांनी १९८८ ते २००८ या काळात आठ खंडांत संशोधित आवृत्ती काढली. तिच्यात बैत ५० हजारांच्या आत आहेत. एकाच ओळीची दोन वेगळी रूपे, म्हणजे दोन पाठ, समोर आले की खालेगी-मोतलघ बहुधा अवघड पाठ धरतात, कारण सोप्याचे अवघड सहसा कोणी करत नाही. ‘इराण नसेल, तर माझा देहही नसो’ ही ओळ इराणात पोराटोरांना पाठ आहे. जुन्या प्रतींत ती अशी सापडत नाही. लोकांनी जीव लावलेली ओळ बाजूला ठेवायची, याला मोठे धैर्य लागते.

आणि नाव? तेही फिरदौसीने घडवलेले नाही. इराणातल्या तूस गावच्या अबू मन्सूरने ९५७ साली करवून घेतलेल्या गद्य ग्रंथाचे नाव शाहनामाच होते. फिरदौसीने आधार घेतला तो त्याचाच. काव्याच्या अखेरीस तो आपल्या कृतीला ‘नामवर नामे’, नावाजलेला ग्रंथ, म्हणतो. प्रकरणांची शीर्षके तर प्रतीगणिक बदलतात.

फ्लॉरेन्सच्या पोथीत फक्त पूर्वार्ध आहे. कैखुस्रोच्या राज्याशी ती थांबते. पुढच्या राजांसाठी संपादकाला लंडनची, १२७६ सालची प्रत उघडावी लागते.