हवेचा मक्ता

मंडळी, आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव आपल्यापैकी फारशा कुणी ऐकलं नसेल. जेम्स गॅटवर्ड. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टेलिव्हिजन साउथ, म्हणजे टीव्हीएस, नावाची वाहिनी होती, तिचे ते संस्थापक. १ जानेवारी १९८२ला ती पडद्यावर आली आणि ३१ डिसेंबर १९९२च्या मध्यरात्री गेली. एवढ्यात तिनं हॉलिवूडची एक नामांकित कंपनी विकत घेतली होती आणि त्या खरेदीनंच तिचं कंबरडं मोडलं.

आधी हा धंदा काय होता ते पाहू, कारण त्याशिवाय या माणसाचं काय चुकलं ते कळायचं नाही.

ब्रिटनमध्ये १९५५पर्यंत टीव्ही म्हणजे बीबीसी. त्या वर्षी सप्टेंबरात जाहिरातींवर चालणारं आयटीव्ही सुरू झालं, पण एकाच कंपनीचं नव्हे. देशाचे प्रदेश पाडले आणि एकेका प्रदेशाचा परवाना एकेका कंपनीला दिला. त्या प्रदेशात टीव्हीवर जाहिरात करायची तर दुसरं दार नाही. साबणवाला येवो नाहीतर मोटारवाला, सगळे तिथेच रांगेत. कॅनडाहून आलेले वृत्तपत्र-मालक रॉय थॉमसन यांनी १९५७मध्ये स्कॉटलंडची वाहिनी सुरू केली आणि हा परवाना म्हणजे नोटा छापायचाच परवाना, असं ते बोलून गेले. वाक्य खरं होतं, म्हणूनच ते त्यांना जन्मभर चिकटलं. १९८२मध्ये चॅनल ४ आलं, तेव्हासुद्धा त्याच्या जाहिराती विकण्याचा हक्क त्या त्या प्रदेशातल्या आयटीव्ही कंपनीकडेच राहिला. त्याबदल्यात चॅनल ४चा खर्च त्यांनी उचलायचा. तरी एकूण हिशेब बरा होता.

आता गंमत बघा. या मालकाच्या मालकीचं नेमकं काय होतं? स्टुडिओ, कॅमेरे, पगारावरची माणसं. प्रक्षेपणाचे मनोरे परवाने देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे. रेडिओलहरी सरकारच्या. आणि परवान्याला मुदत. म्हणजे ज्याला आपण वाहिनीचा मालक म्हणतो तो खरं तर मुदतीपुरता मक्तेदार. वसुली दणकून, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

हे किती खरं आहे ते दक्षिण इंग्लंडमध्ये १९८०च्या डिसेंबरात दिसलं. तिथे १९५८पासून सदर्न टेलिव्हिजन होती. नफ्यात चाललेली, सुस्थिर कंपनी. पण तिचे बडे भागधारक, म्हणजे चित्रपटगृहांची साखळी चालवणारी रँक, आणि असोसिएटेड न्यूजपेपर्स व डी. सी. थॉमसन हे वृत्तपत्रवाले, हे काही त्या प्रदेशातले नव्हेत, अशी टीका होती. नाताळ नुकताच झालेला, आणि प्राधिकरणानं जाहीर केलं की पुढचा परवाना सदर्नला नाही. तो गॅटवर्ड यांच्या गटाला. गॅटवर्ड म्हणजे कार्यक्रमांचे निर्माते-दिग्दर्शक, त्यांच्या मागे ना वृत्तपत्रांचं साम्राज्य ना चित्रपटगृहांची साखळी.

सदर्नवाल्यांना हे फार लागलं. स्टुडिओ विकायला ते तयार झाले, पण आमचं प्रक्षेपण संपेपर्यंत आत पाऊल ठेवायचं नाही, अशी अट. मग टीव्हीएसनं साउदॅम्प्टनच्या त्याच स्टुडिओच्या मोटारतळावर तयार खोल्या, पोर्टाकॅबिन, आणून ठेवल्या आणि तिथून कामाला सुरुवात केली. सदर्ननं निरोपाचा कार्यक्रम केला त्यात विनोदी गाणी रचणारे रिचर्ड स्टिल्गो यांनी या डब्यांची खिल्ली उडवणारं गाणंही म्हटलं. जाणाऱ्यानं येणाऱ्यावर रीतसर पडद्यावरून सूड उगवल्याचं इतकं सुरेल उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पुढची काही वर्षं टीव्हीएसची होती. दक्षिण इंग्लंड हा सुखवस्तू मुलूख. तिथल्या प्रेक्षकाच्या खिशात पैसा, म्हणून जाहिरातीचा दरही चढा. मेडस्टनला नवा स्टुडिओ उभा राहिला. संध्याकाळच्या बातम्या किनाऱ्याच्या दोन टोकांसाठी वेगवेगळ्या निघू लागल्या. प्रादेशिक वाहिनीनं जे करावं ते ती चांगलं करत होती, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पडलेल्या माणसाचं आधीचंही सगळं वाईट ठरवायची आपल्याला सवय असते.

गॅटवर्ड यांचं दुखणं वेगळं होतं. आयटीव्हीवर देशभर दिसणारे मोठे कार्यक्रम कोणी करायचे हे पाच बड्या कंपन्या आपसात ठरवत: थेम्स, लंडन वीकएंड, ग्रॅनडा, सेंट्रल आणि यॉर्कशर. बाकीच्यांनी उरलेल्या जागा घ्यायच्या. टीव्हीएसची कमाई थोरल्यांच्या पंक्तीतली, पान मात्र धाकट्यांच्या. रूथ रेंडेल यांच्या रहस्यकथांवरच्या मालिकेसारखे काही कार्यक्रम त्यांनी देशभर पोहोचवले, पण दार कधी सताड उघडलं नाही. ही तक्रार रास्त होती. तिच्यावरचा उपाय मात्र महागात पडला.

१९८८मध्ये टीव्हीएसनं अमेरिकेची एमटीएम ही कंपनी सुमारे ३२ कोटी डॉलरना घेतली. अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि ग्रँट टिंकर यांनी १९६९मध्ये काढलेली ही संस्था. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’, ‘सेंट एल्सव्हेअर’ या तिच्याच मालिका. घरचे दार लावतात तर आपण थेट हॉलिवूडमधूनच शिरू, असा हा विचार.

इथे थोडं थांबू या, कारण अमेरिकी मालिकेचं अर्थकारण उलटं असतं. मालिका बनवायला जितका खर्च येतो त्यापेक्षा कमी पैसे नेटवर्क, म्हणजे ती देशभर दाखवणारी वाहिनी, देतं. निर्माता जाणूनबुजून तोटा सोसतो. शंभरेक भाग साठले की तो त्यांचं पुनःप्रक्षेपण शेकडो स्थानिक केंद्रांना विकतो, आणि खरी कमाई तिथे. एमटीएमची किंमत म्हणजे या पुनःप्रक्षेपणांची किंमत. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्थानिक केंद्रांना अर्ध्या तासाचे विनोदी कार्यक्रम हवे होते, तासाभराच्या गंभीर मालिकांचा भाव पडला होता. आणि एमटीएमचं नाव मोठं होतं ते तासाभराच्या मालिकांवर. शिवाय त्याही उताराला लागलेल्या: ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ १९८७ला संपली, ‘सेंट एल्सव्हेअर’ खरेदीच्याच वर्षी. ग्रँट टिंकर तर १९८१लाच एनबीसी या नेटवर्कमध्ये निघून गेले होते. ज्यांनी नाव कमावलं ती माणसंही नाहीत आणि मालिकाही नाहीत, अशा कंपनीला टीव्हीएसनं भर तेजीत पैसे मोजले. पाठोपाठ ब्रिटनमध्ये मंदी आली, जाहिराती आटल्या. अमेरिकेतला तोटा साउदॅम्प्टनच्या कमाईतून भरायचा, आणि तीच कमाई घटलेली. परवान्यांचे नवे अर्ज जाण्याआधीच गॅटवर्ड यांना स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं.

तोवर नियम बदलले होते. थॅचर सरकारच्या १९९०च्या कायद्यानं परवान्यांचा लिलाव ठरवला: बंद पाकिटात बोली, दर्जाची किमान अट पार करणाऱ्यांत सर्वांत जास्त देणारा जिंकणार. पण एक मेख होती. एवढे पैसे भरून ही कंपनी मुदतभर तग धरेल, असं परवाने देणाऱ्या नव्या आयोगाला पटायला हवं.

ऑक्टोबर १९९१मध्ये निकाल लागला. टीव्हीएसची बोली वर्षाला सुमारे ५ कोटी ९७ लाख पौंडांची. मेरिडियन या नव्या कंपनीची ३ कोटी ६५ लाखांची. परवाना मेरिडियनला! टीव्हीएसला हे पैसे झेपणार नाहीत, असं आयोगाचं मत. तिकडे मध्य इंग्लंडातल्या मिडलँड्ससारख्या भल्यामोठ्या प्रदेशात सेंट्रलला प्रतिस्पर्धीच नव्हता, तिनं वर्षाला २,००० पौंड बोली लावली आणि परवाना राखला. रॉय थॉमसन यांच्या जुन्या स्कॉटिश टेलिव्हिजननंही तेवढ्यातच.

टीव्हीएस आणि तिच्यासोबत एमटीएम पुढे १९९३मध्ये अमेरिकेतल्या इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेनमेंटनं घेतली. एकट्या एमटीएमला जेवढे मोजले होते, त्याच्या कितीतरी कमी पैशांत. मेरिडियनही फार काळ स्वतंत्र राहिली नाही. ती आधी युनायटेड या माध्यमसमूहाकडे आणि २०००मध्ये ग्रॅनडाकडे गेली, आणि २००४मध्ये ग्रॅनडा व कार्लटन या आयटीव्हीच्याच दोन कंपन्या मिळून एकच आयटीव्ही कंपनी झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रादेशिक मालक ही जातच संपली.

आता लिलावच वाईट होता, असं अनेक जण म्हणतात. थेम्ससारखी कंपनी त्यात गेली, तेव्हा म्हणण्यात तथ्य आहे. पण टीव्हीएसपुरतं मला ते पटत नाही. परवाना गेला तर कंपनीकडे अमेरिकेतल्या तोट्याशिवाय काय उरणार होतं? म्हणून बोली फुगवण्यावाचून इलाज नव्हता, आणि फुगवलेली बोलीच आयोगाला खटकली. एमटीएमचं ओझं नसतं तर चार कोटींचं पाकीटसुद्धा मेरिडियनच्या वर गेलं असतं, आणि ते नाकारायला आयोगाकडे कारण उरलं नसतं.