स्टीमबोट नव्हे, आगबोट

इंग्रजीनं या बोटीला वाफेचं नाव दिलं, मराठीनं आगीचं. मराठीचं बरोबर आहे, आणि ते पटवायलाच मी आज उभा आहे. पत्रिकेत विषय ‘ईरी सरोवरावरच्या पहिल्या आगबोटीचं इंजिन’ असा छापलाय. इंजिनाकडे येतोच. आधी बैल.

हसू नका. ‘वॉक-इन-द-वॉटर’ ही बोट 28 मे 1818 ला अमेरिकेतल्या नायगारा नदीकाठच्या ब्लॅक रॉक इथं पाण्यात उतरली. लांबी 135 फूट, दोन डोलकाठ्या, दोन्ही बाजूंना पाखांची चाकं. बांधली नदीत, चालवायची सरोवरात, आणि मधे नदीचा खळाळ! तो चढायला इंजिनाचा जोर पुरेना. मग दोर बांधायचा, काठावर सोळा-वीस बैलजोड्या जुंपायच्या, इंजिन चालू ठेवायचं आणि बोट वर ओढायची. खलाशी याला ‘शिंगांचा वारा’ म्हणत. बैलपोळ्याचा मान त्यांना कुणी दिला नसावा. प्रत्येक फेरीला हाच सोपस्कार. उतरताना मात्र बैल नकोत, प्रवाहच आणून सोडी.

आता लाकूड. तिकडे जळण ‘कॉर्ड’नं मोजत: आठ फूट लांब, चार रुंद, चार उंच अशी रास, म्हणजे 128 घनफूट. ओक-मॅपलसारखं जड लाकूड वाळलेलं असलं तर रास दीडएक टन भरते. पाइन हलकं, धडाडून पेटतं, लवकर संपतं, धुराड्यातून ठिणग्या उडवतं. आणि ओलं लाकूड म्हणजे भट्टीचा शत्रू. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आधी ते पाणी उडवण्यात उष्णता जाते, मगच बॉयलर तापतो. दाब पडतो, चाकं मंदावतात, वेळ वाढतो, आणि वाढलेल्या वेळात आणखी लाकूड जळतं. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको!

बरं, हे लाकूड चढवायचं कसं? बहुतेक ठिकाणी धक्केच नव्हते. क्लीव्हलंडला बोट 25 ऑगस्टला पोचली ती किनाऱ्यापासून दूर नांगर टाकूनच उभी राहिली. उतारू होडीतून, सामान होडीतून, सरपणही होडीतून, ओंडका-ओंडका हातोहात. शिट्टी तेव्हा नव्हती. आल्याची वर्दी तोफ उडवून द्यायची. वारा अनुकूल असला की शिडं चढवायची, तेवढंच लाकूड वाचे. भाडं बफेलो ते डेट्रॉइट 18 डॉलर, डेकखालच्यांना 7. ते भाडं वाफेचं नव्हे, लाकडाचं म्हणा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर इंजिन.

न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मॅक्वीनच्या कारखान्यातलं, कमी दाबाचं. वाफ दट्ट्याला ढकलते, पण खरा जोर पलीकडच्या पोकळीचा. कामातून सुटलेल्या वाफेवर सरोवराचं थंड पाणी मारायचं, वाफेचं पाणी होतं, पोकळी तयार होते, दट्ट्या ओढला जातो. हवा आत झिरपली की जोर गेला. सरोवराचा फायदा असा की पाणी गोडं, त्यामुळे समुद्रातल्या बोटींसारखं बॉयलरमध्ये मीठ साचत नाही.

तोटा सांगाड्याचा. इंजिन, बॉयलर, पाण्याचं वजन सगळं मधोमध. लाटेवर लाकडी सांगाडा वाकतो, फळ्यांच्या सांध्यांतलं कोंबण सुटतं, पाणी शिरतं. 31 ऑक्टोबर 1821 ला तेच झालं. वादळात गळती वाढली, इंजिनाचा जोर पंपांकडे वळवावा लागला, नांगर घसरू लागले. कप्तान रॉजर्सनं दुसऱ्या दिवशी पहाटे बोट बफेलोजवळच्या वाळूकडे जाऊ दिली. उतारू सगळे वाचले, बोट गेली. इंजिन मात्र धड होतं. ते काढून 1822 मध्ये ‘सुपीरियर’ बोटीत बसवलं. ती बोट आपल्याच गावी बांधली जावी म्हणून बफेलोकरांनी हमी दिली होती: 1 मेपर्यंत बोटीला सरोवरात जायची वाट खुली झाली नाही, तर रोज 150 डॉलर दंड. ती गोष्ट रंगतदार आहे, पण घड्याळ बघताय ना तुम्ही!

इंजिनाचं शेवटी काय झालं तेवढं सांगतो. ते मिशिगनमध्ये सॅगिनॉला गेलं, लाकूड कापायच्या गिरणीत.