साखर उतरवणारी गाठ

नमस्कार श्रोतेहो. पहाटे उठल्या उठल्या माणूस असंबद्ध बोलतो, घामाने चिंब होतो, कधी झटकाही येतो. साखरपाणी पोटात गेलं की थोड्याच वेळात ताळ्यावर! कुणी याला फेफरं म्हणतं, कुणी बाहेरची बाधा. यातल्या एखाद्याच्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणारी गाठ असते, इन्शुलिनोमा. दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांना होणारा हा आजार, म्हणून चटकन कुणाच्या मनात येत नाही.

शंका आली की रुग्णालयात ठेवून जास्तीत जास्त 72 तास उपाशी ठेवतात. पाणी चालतं, साबुदाण्याची खिचडी नाही! रक्तातली साखर 55 च्या खाली उतरूनही इन्शुलिन आणि त्याच्यासोबतच स्वादुपिंडातून स्रवणारं सी-पेप्टाइड चढेच राहिले, आणि मधुमेहाची गोळी पोटात गेलेली नसली, तर संशय पक्का होतो.

पण गाठ आहे कुठे? खरी कसोटी इथेच. बहुतेक गाठी दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. 1929 साली टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्णाला बरं केलं, तेव्हा पोट उघडून बोटांनी चाचपणं हाच मार्ग होता. पुढे कित्येकदा गाठ हाताला लागली नाही म्हणून शल्यविशारद स्वादुपिंडाचं शेपूट अंदाजाने कापून टाकत. आज तोंडावाटे जठरात उतरवलेल्या दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफी असते. स्वादुपिंड जठराला खेटूनच, त्यामुळे गाठ जवळून दिसते.

ठिकाण कळलं, की पोटावर मोठी चीर देण्याचं कारण बहुधा उरत नाही. गाठ स्वादुपिंडातला पाचकरस वाहून नेणाऱ्या मुख्य नळीपासून दूर असेल तर पोटावरच्या छोट्या छिद्रांतून घातलेल्या दुर्बिणीने तेवढीच सोलून काढतात. नळीला चिकटलेली असेल तर पाचकरस गळण्याची भीती, मग तो भागच काढावा लागतो.

शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. त्याच सोनोग्राफीच्या नजरेखाली जठराच्या भिंतीतून सुई गाठीत घालायची आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने गाठ जाळायची. या लहरी साधारण 450 ते 500 किलोहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या मीडियम वेव्हच्या शेजारणीच! यातही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि जळलेली गाठ पूर्ण तपासायला मिळत नाही. म्हणून धडधाकट रुग्णाला मी आजही शस्त्रक्रियाच सुचवीन.

घरात ग्लुकोमीटर असेल तर झटक्याच्या वेळी बोट टोचून आकडा लिहून ठेवा, पण त्यापायी साखर द्यायला उशीर नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. तो आकडा डॉक्टरांना जरूर दाखवा.