गोठ्यातून संसदेत

श्रोतेहो, नमस्कार.

लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या साथीच्या रोगाचे नाव कानावर पडले, की जनावरे सांभाळणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तोंडातून लोंबणाऱ्या लाळेच्या तारा, सोलवटलेली जीभ, खुरांच्या बेचक्यातल्या जखमा आणि समोर हिरवा चारा असून त्याला तोंड न लावणारी गाय, हे दृश्य मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली त्या वर्षांत इतक्या वेळा पाहिले, की त्याची गणती ठेवली नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने तोंड धुवायचे, जिभेला बोरोग्लिसरीन लावायचे, खुरांच्या जखमांत अळ्या पडू द्यायच्या नाहीत आणि मालकाला सांगायचे, की पंधरा-वीस दिवस कळ काढा. मोठे जनावर बहुधा वाचते. दूध आटते, बैल ऐन हंगामात औताला चालत नाही, पुढे उन्हाळ्यात त्याला धाप लागते. पण ते दावणीला उभे असते.

म्हणूनच २००१ साली ब्रिटनमध्ये याच रोगासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगितले तर त्याला ते खरे वाटत नाही. त्या साथीत काम केलेला एक पशुवैद्य पुढे त्या देशाच्या संसदेत निवडून गेला आणि त्याने ग्रामीण मतदारसंघाच्या वतीने काय मांडले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यांचे नाव डॉ. नील हडसन.

आधी ती साथ समजून घ्यायला हवी. फेब्रुवारी २००१ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील एका कत्तलखान्यात आलेल्या डुकरांमध्ये पशुवैद्याला फोड दिसले आणि २० फेब्रुवारीला रोगाचे निदान पक्के झाले. माग काढत गेल्यावर रोगाचे मूळ उत्तरेकडच्या नॉर्थंबरलँडमधील एका वराहपालन केंद्रात सापडले, जिथे खरकटे अन्न नीट न शिजवता डुकरांना घातले जात होते. तोपर्यंत बाजारातून खरेदी-विक्री झालेल्या मेंढ्यांनी तो रोग देशभर नेला होता. मेंढीमध्ये याची लक्षणे इतकी सौम्य असतात, की जाणकाराचीही नजर चुकते. एकूण २,०२६ ठिकाणी रोग सापडला आणि त्यांतली ८९३ ठिकाणे एकट्या कंब्रिया परगण्यात होती. मे महिन्यात व्हायची सार्वत्रिक निवडणूक जूनवर ढकलावी लागली. शेवटची नोंद ३० सप्टेंबर २००१ ची, तीही कंब्रियातल्या ॲपलबी गावाजवळची.

आपल्याकडे रोग कायमचा मुक्कामाला आहे, म्हणून आपण लस टोचतो. ब्रिटनने लस न टोचता रोगमुक्त राहण्याचा मार्ग धरलेला होता, कारण त्या दर्जावर त्यांची मांस आणि जनावरांची निर्यात अवलंबून होती. त्यामुळे रोग सापडलेल्या ठिकाणची सगळी जनावरे २४ तासांत आणि शेजारच्या शेतांवरची ४८ तासांत मारायची, असा आदेश निघाला. शेजारच्या शेतावरचे जनावर निरोगी असले, तरी ते मारायचेच होते. या धोरणावर त्या देशात आजही वाद आहे. माझे मत विचाराल, तर सरसकट शेजारची जनावरे मारणे अतिरेकी होते, कारण प्रत्यक्ष गोठ्यात उभ्या असलेल्या पशुवैद्याच्या निर्णयाला त्यात फारच थोडी जागा उरली होती.

कंब्रियाच्या डोंगरांवर हर्डविक जातीच्या मेंढ्या असतात. तिथे मोकळ्या डोंगरावर कुंपण नसते, तरी प्रत्येक कळप आपापल्या हद्दीतच चरतो, कारण कोकराला ती हद्द त्याची आई शिकवते आणि ते ज्ञान पिढ्यान् पिढ्या कळपातच चालत राहते. असा कळप मारला गेला, की भरपाईच्या पैशातून नव्या मेंढ्या विकत आणता येतात, पण त्या मेंढ्यांना डोंगर ठाऊक नसतो. आपल्याकडच्या मेंढपाळ धनगर बांधवांना यातले दुःख मी अधिक समजावून सांगायची गरज नाही. ग्रेट ऑर्टन येथील जुन्या विमानतळाच्या जमिनीत खंदक खणून साडेचार लाखांहून अधिक जनावरे पुरण्यात आली.

डॉ. हडसन या साथीत पशुवैद्यकीय निरीक्षक म्हणून काम करत होते. ज्या हातांनी जनावर बरे करायचे शिक्षण घेतले, त्याच हातांनी मारण्याच्या कामावर देखरेख करायची, ही गोष्ट पशुवैद्याच्या मनावर किती खोल ओरखडा काढते, हे या व्यवसायातला माणूसच जाणे. पुढे ते एडिनबरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करू लागले आणि डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत पेनरिथ अँड द बॉर्डर या मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे खासदार झाले. हा मतदारसंघ त्याच कंब्रियातला. १८८४ नंतर कॉमन्स सभागृहात निवडून आलेले ते पहिले पशुवैद्य होत. इतक्या वर्षांत त्या सभागृहात वकील, डॉक्टर, जमीनदार, कामगार पुढारी असे सगळे बसले, पण गोठ्यातले दुखणे जवळून पाहिलेला पशुवैद्य नव्हता.

ब्रिटनमध्ये खासदार ठरलेल्या दिवशी मतदारसंघात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, त्या बैठकीला तिथे ‘सर्जरी’ म्हणतात, आणि पशुवैद्याच्या दवाखान्यालाही तिथे ‘सर्जरी’च म्हणतात. डॉ. हडसन यांच्या बाबतीत या दोन अर्थांमधले अंतर फारसे राहिले नाही असे मला वाटते. जनावर बोलत नाही. ते कसे उभे राहते, कान कुठे टाकते, रवंथ करते की नाही, हे पाहून आणि मालक काय सांगतो व काय सांगायचे टाळतो हे ऐकून निदान करावे लागते. शेतकरीही स्वतःच्या दुखण्याबद्दल फारसे बोलत नाही. डोंगराळ भागातल्या बससेवेचा, इंटरनेटच्या जोडणीचा, अनुदानाच्या बदलत्या नियमांचा प्रश्न त्यांनी सभागृहात वारंवार मांडला, आणि ते कोणाही ग्रामीण खासदाराचे कामच आहे. त्यांचे वेगळेपण दिसले ते एका अशा प्रश्नात, जो घेऊन कोणी मतदार सहसा रांगेत उभा राहत नाही. तो प्रश्न म्हणजे ग्रामीण माणसाचे मानसिक आरोग्य.

साथ ओसरल्यावर लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी कंब्रियातल्या ५४ लोकांना दर आठवड्याला रोजनिशी लिहायला सांगितली आणि ती १८ महिने लिहून घेतली. त्यांत शेतकरी होते, पशुवैद्य होते, जनावरे मारण्याच्या आणि पुरण्याच्या कामावरची माणसे होती, परिचारिका आणि दुकानदारही होते. त्या पानांमधून जे बाहेर आले, ते असे, की लोकांना ती दृश्ये पुन्हा पुन्हा आठवत होती, पुढच्या संकटाची धास्ती मनातून जात नव्हती आणि सरकारी यंत्रणेवरचा विश्वास उडाला होता. तरीही यासाठी डॉक्टरकडे जाणारे थोडेच होते. रिकाम्या गोठ्याची शांतता हे दुखणे आहे, असे कोणाला वाटतच नव्हते.

संसदेच्या पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार समितीचे सदस्य झाल्यावर डॉ. हडसन यांनी ग्रामीण मानसिक आरोग्याची चौकशी समितीने हाती घ्यावी यासाठी पुढाकार घेतला. मे २०२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेती खाते आणि आरोग्य खाते यांनी या प्रश्नावर एकत्र काम करावे आणि जनावरांच्या साथीसारख्या आपत्तीच्या आराखड्यात माणसांच्या मनाच्या उपचाराचीही तरतूद असावी, हा त्यातला महत्त्वाचा आग्रह होता. शेतकऱ्यांबरोबर पशुवैद्यांचाही विचार त्यात झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण ब्रिटनमधील पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त आढळले आहे.

इथे मला आपल्याकडचा २०२२ सालचा पावसाळा आठवतो. लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रात जनावरे दगावू लागली, बैलबाजार बंद झाले आणि राज्य शासनाने दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत जाहीर केली. मदत आवश्यकच होती. पण एका वस्तीवर खड्ड्यात मीठ आणि चुना टाकून गाय पुरली गेली, तेव्हा घरातली म्हातारी आजी तिच्या गळ्यातली घुंगरमाळ हातात घेऊन उभी होती. पंचनामा करणाऱ्याला तिने एकच विचारले, “हिची वासरी आता कुणाकडं बघंल रं?” पंचनाम्याच्या कागदावर या प्रश्नासाठी रकाना नव्हता. आपल्या विधिमंडळात भरपाईच्या रकमेवर चर्चा होते, लसीच्या मात्रांवर होते. त्या आजीचा प्रश्न सभागृहाच्या पटलावर यावा यासाठी कोणीतरी गोठ्यात उभे राहिलेले असावे लागते.

डॉ. हडसन यांनी चिकाटीने लावून धरलेला दुसरा विषय म्हणजे सरी परगण्यातील वेब्रिज येथील सरकारी पशुरोग प्रयोगशाळा. देशात संशयित रोगाचा नमुना निघाला, की तपासणीची मोठी भिस्त या केंद्रावर असते, आणि त्याच्या इमारती जुन्या व मोडकळीला आलेल्या आहेत. २०२२ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हे स्पष्ट शब्दांत नोंदवले. संपूर्ण पुनर्बांधणीचा खर्च २८० कोटी पौंडांच्या घरात सांगितला गेला. अशी मागणी मतदारसंघात टाळ्या मिळवून देत नाही. रस्ता दिसतो, पूल दिसतो. प्रयोगशाळेचे सांडपाणी कुठून वाहते, हे कोणी पाहायला जात नाही. मात्र ऑगस्ट २००७ मध्ये त्याच परगण्यातील पिरब्राइटच्या पशुरोग संशोधन केंद्राच्या नादुरुस्त सांडपाणी वाहिन्यांतून विषाणू बाहेर पडून आसपासच्या शेतांवर लाळ्या-खुरकूत पोहोचला होता. हे ठाऊक असलेला माणूस प्रयोगशाळेच्या निधीसाठी मंत्र्याला पुनःपुन्हा प्रश्न विचारतो, तेव्हा तो प्रश्न थेट कंब्रियाच्या मेंढपाळासाठीच असतो.

२०२४ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली आणि पेनरिथ अँड द बॉर्डर हा मतदारसंघच उरला नाही. डॉ. हडसन एसेक्समधल्या एपिंग फॉरेस्टमधून निवडून आले आणि विरोधी बाकांवर बसले. त्याच निवडणुकीत विंचेस्टरहून लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे डॉ. डॅनी चेंबर्स हे आणखी एक पशुवैद्य सभागृहात आले. कुत्र्या-मांजरांच्या पिलांच्या चोरट्या आयातीला आळा घालणारे खासगी विधेयक चेंबर्स यांनी मांडले आणि पक्ष वेगळा असूनही हडसन यांनी त्याला साथ दिली.

जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत निघाला. १९८८ नंतर तिथे प्रथमच. रोग सापडला तो म्हशींच्या कळपात. मार्चमध्ये तो हंगेरी आणि स्लोव्हाकियात पोहोचला आणि ब्रिटनने तिकडच्या मांस-दुधावर बंदी घातली. वेब्रिजचा प्रश्न डॉ. हडसन यांनी विरोधी बाकांवरून पुन्हा मांडला. जून २०२५ मध्ये सरकारने तिथल्या नव्या केंद्रासाठी १०० कोटी पौंड जाहीर केले. कामाला अजून काही वर्षे लागतील. तोपर्यंत अनेक पशुरोगांचे संशयित नमुने त्याच जुन्या व्यवस्थेच्या भरवशावर तपासले जाणार आहेत, आणि कंब्रियातला मेंढपाळ बाजारातून आणलेल्या मेंढीचे तोंड उघडून जीभ पाहिल्याशिवाय तिला कळपात सोडणार नाही.

नमस्कार.