थुंकायची गरज नाही

[दृश्य: ऐरोली स्थानक, रात्रीची वेळ. ठाण्याहून आलेल्या लोकलमधून गर्दी उतरते.]

ट्रान्स हार्बरची गाडी ऐरोली, रबाळे, घणसोली करत पुढे सरकते, तसे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले घोळके उतरत जातात. माणसं ठाण्यातली, कळव्यातली, काम मात्र अमेरिकेच्या घड्याळावरचं. जागं राहायची साधनं ठरलेली: कटिंग, सिगारेट, नाहीतर चुना लावून मळलेला तंबाखूचा बार.

आता खिशात एक चपटी, गोल डबी दिसायला लागली आहे. आत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या, मऊ पुड्या. एक उचलायची, वरच्या ओठाखाली हिरडीला लावायची आणि अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची. धूर नाही. वास आलाच तर पुदिन्याचा. समोर टीम लीडर बसला असला तरी त्याला पत्ता लागत नाही.

[दृश्य: डबीचं झाकण उघडतं. एक पुडी कात्रीने कापली जाते, आतली पांढरी भुकटी.]

हे निकोटिन पाऊच. तंबाखूचं पान यात नसतं. असतात वनस्पतीचे तंतू, निकोटिनचा क्षार, गोडी आणि स्वाद. शिवाय अल्कधर्मी गुणाचा एखादा पदार्थ, बऱ्याचदा सोडियम कार्बोनेट. डबीवरच्या बारीक अक्षरात तो कुणी वाचत नाही, पण सगळा कारभार त्याच्यावर चालतो. लाळ जितकी अल्कधर्मी, तितकं निकोटिन ओठाच्या आतल्या नाजूक त्वचेतून भराभर रक्तात उतरतं.

तळहातावर तंबाखू घेऊन अंगठ्याने चुना चोळणारे आजोबा आपण सगळ्यांनी पाहिलेत. चुना कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, त्याशिवाय तंबाखू लागत नाही. ते हेच रसायनशास्त्र.

मग या दोन्हींत वेगळं काय? एक तर थुंकणं गेलं. बार भरला की माणसाला उठावं लागायचं, कोपरा शोधावा लागायचा, बायकोची बोलणी खावी लागायची, ऑफिसात चोरट्यासारखं वागावं लागायचं. त्या लाजेनेच दिवसातले कितीतरी बार टळले असतील. सिगारेटलाही खाली उतरावं लागतं. पुडीला काहीच लागत नाही. मीटिंगमध्ये, वर्गात, लोकलच्या गर्दीत, थेट अंथरुणातसुद्धा ती तोंडात राहते. या पुडीची सर्वांत मोठी जोखीम मला तिच्या या सोयीतच दिसते.

[दृश्य: खारघर. टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेचं प्रवेशद्वार, बाहेरून.]

दुसरा फरक पुडीच्या बाजूने आहे, आणि तोही सांगायला हवा. तंबाखूच्या पानातली कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स पाऊचमध्ये अगदीच कमी असतात. धूर नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडही नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये झिन या ब्रँडच्या २० पाऊच उत्पादनांना विक्रीची परवानगी दिली. सिगारेट ओढणारे किंवा तंबाखू खाणारे प्रौढ पूर्णपणे पाऊचकडे वळले तर त्यांचं नुकसान कमी होईल, असा त्यामागचा हिशेब होता.

महाराष्ट्राला तो हिशेब अगदीच परका नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू, गुटखा, मिश्री असं धूरविरहित काहीतरी वापरणारे निघाले. जवळजवळ चारांत एक. त्यांच्यापैकी कुणी पुडीवर जाऊन पुढे तीही सोडली, तर उत्तमच.

पण ज्याने आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही, असा विशीतला मुलगा ती तोंडात ठेवतो, तेव्हा त्याचं कमी काहीच होत नाही. एक नवं व्यसन जमा होतं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. अमेरिकेतल्या झिनच्या एका पुडीत ३ किंवा ६ मिलिग्रॅम असतं. युरोपात काही ब्रँड २० मिलिग्रॅमच्याही पुढे जातात. सगळं रक्तात उतरत नाही, तरी नवख्याला चक्कर, मळमळ, उचकी आणि धडधड द्यायला पुरतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो. पुडी रोज एकाच जागी ठेवली की तिथली हिरडी लाल होते, पांढरट पडते. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटिनची पकड लवकर बसते. गरोदरपणात तर ते बाळाच्या मेंदूपर्यंत आणि फुप्फुसांपर्यंत पोचतं.

[दृश्य: पहाटेची कॅन्टीन. यंत्रातून कॉफी पडते आहे.]

अशाच डब्यांमध्ये कॅफिनच्या पुड्याही मिळतात. एका पुडीत साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका मगभर कॉफीच्या आसपास. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. गरोदर बाईसाठी दिवसभराचीच मर्यादा २००. कॉफी गरम असते, घोट घोट प्यावी लागते, पोट भरल्यासारखं होतं. पुडीला तसा अडसर नाही. तासाभरात तीन सहज होतात, वर चहा चालूच.

आता झोपेचं गणित. रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात. रात्री दोनला १०० मिलिग्रॅम घेतलं, तर सकाळी सातला पडदे ओढून झोपायला जाताना ५० अजून अंगात असतं. झोप उडते, आणि पुढच्या रात्री आणखी एक पुडी लागते. निकोटिनही उत्तेजकच. दोन्ही एकदम घेतली की हृदयावर दुहेरी ताण.

एक गोष्ट सिगारेट सोडून पुडीवर आलेल्यांसाठी. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर फोडतं. धूर थांबला की तो वेग उतरतो. निकोटिन चालू राहिलं तरी त्याचा इथे उपयोग नाही. त्यामुळे कालपर्यंत पचणारे तेच पाच चहा अचानक अंगावर येतात. हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्याचाच त्रास होतोय. चहा निम्मा करून पाहावा.

[दृश्य: घरातलं टेबल. किल्ल्या, पाकीट, डबी. खालून एक लहान हात वर येतो.]

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तिचा आधार हा की खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येत नाही. २०१९ चा बंदीचा कायदा ई-सिगारेटपुरता, त्यात पुडी येत नाही. तंबाखूच्या २००३ च्या कायद्यातल्या यादीत ही बिनपानाची पुडी नावानिशी नाही. सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला द्यावी लागते. पाऊचची डबी मात्र पुदिन्याच्या गोळ्यांची वाटावी अशी.

लहान मुलालाही ती तशीच वाटते. अमेरिकेत सहा वर्षांखालील मुलांनी पाऊच गिळण्याचं प्रमाण २०२० ते २०२३ या काळात ७६३ टक्क्यांनी वाढलं. मुलाला उलटी झाली, लाळ गळू लागली, अंग पांढरं पडलं तर वाट पाहू नका. घरी उलटी करवायचा प्रयत्नही नको. डबी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा, म्हणजे डॉक्टरांना मिलिग्रॅमचा आकडा मिळेल.

[दृश्य: सकाळ. घणसोलीचा फलाट, परतीची गर्दी.]

सोडायचं ठरवलं तर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचं हे ओसरतं. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६, फोन मोफत. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त पाऊच घेतो’ म्हणून संकोचू नका. फोन करण्याआधी डबीवरचे मिलिग्रॅम आणि दिवसाला किती पुड्या होतात, हे कागदावर लिहून ठेवा. समुपदेशक तेच आधी विचारतील.