आधी कानाचं माप

(दृश्य : सदाशिव पेठेतली एक माडी. खिडकीतून उन्हाची तिरीप. भिंतीशी तंबोरा.)

सकाळचे साडेसहा. पुण्यात काही निवांत ऐकायचं असेल तर हीच वेळ. आठ वाजले की खालच्या चौकातले हॉर्न थेट या माडीवर येतात.

मावशी तंबोरा लावते आहे. मिरजेचा तंबोरा, तिच्या गुरूंनी दिलेला. पंचम, जोडीचे दोन षड्ज, मग सगळ्यात खालचा खर्ज. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीकडे नीट पाहा. प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक धागा आहे. ती तो नखाने केसभर पुढे सरकवते, तार छेडते, पुन्हा सरकवते. आत्ता ऐका. एवढा वेळ नुसती वाजणारी तार आता बोलायला लागली. तारेची ही झळाळी म्हणजे जवारी. ती उघडली.

मी बैठकींचं ध्वनिमुद्रण करतो. या तंबोऱ्याचं दोन मिनिटांचं मुद्रण मी मागच्या महिन्यात याच खोलीत केलं, आणि नंतर आठवडाभर तेच मुद्रण पाच इअरफोनवर ऐकत राहिलो. कानाच्या आत जाणारे, ज्यांना सगळे इन-इअर म्हणतात ते. पाचांपैकी एक माझा. बाकीचे चार ओळखीच्यांनी विश्वासाने हातात दिले. त्यातल्या काहींची किंमत लाखाच्या पुढे आहे.

तंबोराच का घेतला, ते सांगतो. 1921 साली सी. व्ही. रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडाल, तिथे ज्या स्वरांशाचा (तारेतल्या मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वराचा) स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश उमटू नये, असा साध्या तारेचा नियम आहे. तंबोऱ्याची तार तो नियम पाळत नाही, हे रामन यांनी दाखवलं. पसरट घोडी आणि तिच्यावरचा तो धागा, दोघं मिळून तारेतून वरचे स्वर एकामागून एक फुलवत नेतात. म्हणून खर्जाची एकच तार छेडली तरी तिच्यातून गंधार ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मावशीची पट्टी काळी पाच, म्हणजे तिचा षड्ज पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर. तिचा खर्ज 116 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 116 कंपनांच्या, आसपास, आणि त्यातून उगवणारा गंधार पाचपट वर, 580 हर्ट्झच्या जवळ. त्याच्याही वर जवारीची झळाळी काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. एकाच छेडीत तळ, मध्य आणि वरचं टोक, सगळं तपासून होतं. इतकी चांगली परीक्षा मला दुसरी माहीत नाही.

(दृश्य : तळहातावर रबरी टोप्यांचे सहा जोड. लहान, मध्यम, मोठे.)

तीन वर्षांपूर्वी एका बैठकीचं मुद्रण मी सगळं इअरफोनवरच तयार केलं होतं. खर्ज कमी वाटत होता, म्हणून वाढवला. तरी कमीच, आणखी वाढवला. फाइल मावशीला पाठवली. तिने ती घरच्या स्पीकरवर लावली आणि संध्याकाळी तिचा फोन आला.

"अरे, तंबोरा नुसता घुमतोय. बोलत नाहीये."

मी पुन्हा ऐकायला बसलो, आणि ऐकता ऐकता सहज उजव्या कानातला इअरफोन बोटाने आत दाबला. खर्ज एकदम दुप्पट झाला. उजव्या कानातली टोपी एक माप लहान होती. कानाची नळी आणि टोपी यांच्यात केसाएवढी फट होती, आणि खालचे सगळे स्वर तिथून निसटत होते. खोलीत ठेवलेल्या स्पीकरला अख्खी खोली हलवावी लागते. इअरफोनला कानातली चिमूटभर हवा तेवढी दाबायची असते. ती चिमूट बंदिस्त असेपर्यंत सात मिलिमीटरचा पडदाही खोल खर्ज देतो. फट पडली की कितीही महागडा इअरफोन असू दे, खर्ज गेलाच.

त्या दिवसापासून इअरफोनचा आवाज कसा आहे असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, कानात नीट बसला का? जो बसला नाही, त्याचा आवाज तुम्ही ऐकलेलाच नसतो.

वरच्या स्वरांचंही तेच, फक्त कारण वेगळं. माणसाच्या कानाची नळी साधारण 25 मिलिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. बासरीसारखी तीही स्वतःचा एक स्वर धरून असते आणि 2,500 ते 3,000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप मोठा करते. आपण जन्मापासून जग असंच ऐकत आलो. इअरफोन घातला की नळीचं तोंड बुजतं आणि ती नैसर्गिक वाढ नाहीशी होते. बनवणाऱ्याला ती पुन्हा मुद्दाम भरून द्यावी लागते. शिवाय बुजलेल्या नळीत एक नवाच उंचवटा तयार होतो, बहुधा 8,000 हर्ट्झच्या आगेमागे. इअरफोन आत सरकला की तो उंचवटा वर जातो, बाहेर आला की खाली येतो. 'स' नेमका याच परिसरात राहतो. म्हणूनच एकाच इअरफोनबद्दल एक मित्र म्हणतो, गाणारीचा 'स' टोचतो, आणि दुसरा म्हणतो, छे, मुळीच नाही. दोघंही खरं बोलत असतात. त्यांचे कान वेगळे आहेत.

(दृश्य : टेबलावर पाच इअरफोन. कॅमेरा एकेकावर थांबतो.)

हा पहिला, एटिमॉटिकचा ईआर-4. आजच्या चांगल्या इन-इअरचा हा पूर्वज. मीड किलियन या श्रवणशास्त्रातल्या माणसाने 1983 साली ही कंपनी काढली, आणि 1991 साली ईआर-4 आला. मूळ काम कान तपासण्याच्या यंत्रांचं, म्हणून घडणही तशीच. एकावर एक तीन छत्र्यांची टोपी आणि नळीत खोलवर बसणं. आत एकच बॅलन्स्ड आर्मेचर. ही श्रवणयंत्रातली चीज आहे. चुंबकांच्या मधोमध तोललेली एक इवलीशी पाती, आणि ती थरथरली की बारीक दांडीने तिला जोडलेला पडदा हलतो. माझ्याकडचा ईआर-4 एसआर नंतरचा, पण कुळ तेच. त्याच्यात खर्ज जेवढ्यास तेवढा. पण गंधार? गंधार इतका स्वच्छ की बोट ठेवून दाखवावा. कामासाठी मी अजून हाच काढतो. खोल घालायची सवय व्हायला मात्र मला आठवडा लागला.

दुसरा शुअरचा एसई 846. चार बॅलन्स्ड आर्मेचर. याच्या खर्जाची वाट मला फार आवडते. आत पोलादाच्या दहा पातळ चकत्या एकावर एक जोडल्या आहेत, आणि त्यांच्यातून कोरलेल्या लांबलचक वळणावळणाच्या बोळातून खर्ज बाहेर येतो. त्या प्रवासात त्याच्यातले वरचे स्वर गळून जातात. तंबोरा यावर गरम, अंगभर भरलेला वाटतो. जवारी थोडी मागे बसते. केबल कानावरून मागे घ्यायची आणि बुटका देह कानाच्या खळग्यात टेकतो. तीन तासांनीही मला तो काढावासा वाटला नाही.

तिसरा सेनहायझरचा आयई 900, 2021 सालचा. पातीबिती काही नाही, सात मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरचंच लहान रूप. ॲल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून कोरलेला देह. पाचांमध्ये आकाराने लहान, आणि खर्ज सगळ्यात मोकळा, हे पहिल्यांदा ऐकताना मला खरंच पटेना. एकच पडदा सगळे स्वर देतो, त्यामुळे खर्जापासून गंधारापर्यंत तार एकसंध वाटते, सांधा कुठे दिसत नाही. माझा कौल विचाराल तर तंबोऱ्यासाठी हा.

सोनीचा आयईआर-झेड1आर याच्या अगदी उलट वळणाचा. 12 मिलिमीटरचा डायनॅमिक खर्जाला, मधल्या-वरच्या भागाला बॅलन्स्ड आर्मेचर, आणि सगळ्यात वरच्या टोकाला 5 मिलिमीटरचा आणखी एक डायनॅमिक. पाचांत सगळ्यात जड, सगळ्यात मोठा. ज्याच्या कानाचा खळगा ऐसपैस आहे त्याने तो जरूर ऐकावा. बैठकीची खोली यावर जेवढी मोठी वाटते तेवढी दुसऱ्या कशावर वाटली नाही. याची मर्यादा 100 किलोहर्ट्झपर्यंत सांगतात. तरुण कानही 20 किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही. म्हणून त्या आकड्याकडे पाहून पैसे मोजू नका. खर्ज ऐका आणि मग ठरवा.

पाचवा 64 ऑडिओचा यू12टी. एका कानात बारा बॅलन्स्ड आर्मेचर. मला त्याच्या आवाजाहून एका लहानशा गोष्टीचं अप्रूप वाटलं. कान घट्ट बुजला की आत हवेचं दडपण साठतं, घाटात कान बुजतात तसं काहीसं. यात दडपण हळूच बाहेर सोडणारी एक बारीक खिडकी आहे, बदलता येणारी. दोन तासांनंतर फरक कळतो. डोकं शिणत नाही.

तुलना करताना एक पथ्य पाळलं. सगळ्यांचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणला. दोघांत थोडासुद्धा मोठा वाजणारा इअरफोन कानाला चांगलाच वाटतो, आणि हा मोह भल्याभल्यांना चुकत नाही. दुकानात कुणी दोन इअरफोन पाठोपाठ ऐकवले तर व्हॉल्यूम स्वतःच्या हाताने जुळवून घ्या.

(दृश्य : मावशी इअरफोन घालून 'आ'कार लावते. एकदम थांबते.)

ही गंमत मी ठरवून चित्रित केली नव्हती. मावशीने इअरफोन घातला आणि सवयीने त्या तंबोऱ्यावर सूर लावला. तोंड उघडल्याबरोबर थांबली.

"खर्ज गेला रे."

"मावशी, तोंड मीट बघू."

"आला."

जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून आहे. तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो आणि टोपीशेजारी फट पडते. बाकरवडी चावताना इअरफोन सैल होतो तो यामुळेच. रंगमंचावर गाणाऱ्यांसाठी मापाने इअरफोन बनवतात तेव्हा याची काळजी घेतात. 1995 साली जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हॅलेन या रॉक बँडच्या ड्रमरसाठी असे इअरफोन घडवले, आणि त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. माझं माप मी टिळक रोडच्या बाजूला, श्रवणयंत्रं देणाऱ्यांकडे दिलं. आधी दुर्बिणीतून कान पाहिला, मळ नाही ना याची खात्री केली. मग दोरा बांधलेला स्पंजचा लहान बोळा पडद्याच्या अलीकडे बसवला. दातांत एक ठोकळा धरायला दिला, तोंड उघडं राहावं म्हणून. आणि पिचकारीतून गार, मऊ सिलिकॉन कानात भरत आलं. जग एका बाजूने विझत गेलं. स्वतःचा श्वास मोठा ऐकू आला, स्वतःचं गिळणं ऐकू आलं. पाच मिनिटांनी ते घट्ट झालं. बाहेर निघालेल्या गुलाबी साच्यात माझ्या कानाची दोन वळणं होती. उजवं आणि डावं शेजारी ठेवलं तर दोन वेगळ्या माणसांची वाटावीत.

आपले दोन कान सारखे नसतात. उजव्यात मध्यम टोपी आणि डाव्यात लहान, हे अगदी सर्रास असतं. फोमची टोपी बोटांनी चुरून आत घातली की ती कानात हळूहळू फुगते आणि अवघड वळणाच्या कानातही नीट भरते. वरचे स्वर मात्र जरा मऊ करते. मोठ्या रबरी टोपीने कान दुखत असेल तर सोसत बसू नका. दुखणारा इअरफोन माणूस नकळत थोडा बाहेर ओढतो, आणि तिथेच फट पडते.

(दृश्य : वेताळ टेकडी. चढणीवर पावलं.)

बुजलेल्या कानाने चाललं की प्रत्येक पाऊल डोक्यात धप्प वाजतं. हाडांतून आलेला आवाज एरवी कानाच्या तोंडातून निघून जातो. आता त्याला वाट नसते. केबल शर्टाला घासली की तीही ऐकू येते. टेकडीवर मी इअरफोन काढूनच ठेवतो, तिथे मोर ऐकायचे असतात. आणि दुचाकीवर तर हे कानात घालूच नका. लक्ष्मी रस्त्यावर मागून येणारा हॉर्न ऐकू न येणं जिवावर बेतेल.

मेट्रोत मात्र हेच बुजणं उपयोगाचं. वनाजहून निघालेल्या गाडीत साध्या इअरफोनवर गाणं ऐकायला लोक आवाज चढवत जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा सांगते. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 83 ला 20 तास, 86 ला 10. बाहेरचा गोंगाट टोपीने अडला तर 70 ला सुद्धा खर्ज-गंधार दोन्ही पोचतात. महाग इअरफोनवर पैसे घालावेत की नाही, या प्रश्नाचं मला पटलेलं सगळ्यात भक्कम उत्तर हे आहे, आणि साध्या किमतीच्या पण नीट बसणाऱ्या इअरफोनलाही ते लागू पडतं.

(दृश्य : पुन्हा माडी. संध्याकाळ.)

शेवटी मी मावशीला पाचही दिले. सत्तरीतला कान. वरचे स्वर वयानुसार आधी कमी होतात, त्यामुळे झेड1आर आणि आयई 900 यांच्या वरच्या टोकातला फरक तिला जाणवला नाही. तिने तो शोधलाही नाही. उजव्यात मध्यम टोपी, डाव्यात लहान. डोळे मिटले. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बोट वर करून थांबवलं.

"हे मुद्रण कधीचं?"

"मागच्या महिन्यातलं. इथेच केलं होतं."

"खर्जाचा धागा सरकलेला होता त्या दिवशी. गंधार उशिरा येतोय बघ. मला इथे बसून कळलं नाही."

तिने इअरफोन काढून माझ्या हातात ठेवला, तंबोरा मांडीवर घेतला, आणि खर्जाच्या तारेखाली नख घातलं.