ओस्लोचा आयजीआय आणि आपलं भारनियमन

श्रोतेहो, नमस्कार. लातूर, नांदेड, परभणीकडं ज्यांची कॉलेजची वर्षं 2001 नंतरच्या सात-आठ वर्षांत गेली, त्यांच्यापुढं नुसतं ‘आयजीआय’ म्हटलं तरी पुरे. बाकीच्यांसाठी सांगतो, हा कॉम्प्युटरवरचा बंदुकीचा गेम. सायबर कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपये मोजून पोरं तो खेळायची. तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव मात्र आपल्याकडं कुणी विचारलं नाही. सीडी कॉपी केलेली, तिच्यावर स्केच पेननं तीन अक्षरं लिहिलेली. नाव कळणार तरी कुठून?

कंपनीचं नाव इनरलूप स्टुडिओज. नॉर्वेची राजधानी ओस्लो, तिथं ती 1996 साली सुरू झाली.

आयजीआयच्या आधी या मंडळींनी लढाऊ विमानांचा एक गेम केला होता, ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’. विमान उडवायचं म्हणजे खाली मैलोन् मैल जमीन दिसायला हवी. ती दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी तयार केलं आणि पुढं तेच आयजीआयला वापरलं. त्या काळातले बरेचसे बंदुकीचे गेम खोल्या आणि बोळांमधून फिरवायचे. इथं मात्र तुम्ही टेकडीवर उभे, आणि समोर अख्खा लष्करी तळ पसरलेला. दुर्बीण लावा, टॉवरवरचा पहारेकरी हेरा, कुंपणाची तार कुठून कापता येईल ते बघा. हातातल्या छोट्या कॉम्प्युटरवर उपग्रहातून दिसावा तसा नकाशा. आणि कानात अन्या नावाच्या बाईचा आवाज, पुढं काय करायचं ते सांगणारा. ती इंग्रजीत काय बोलते ते निम्म्या पोरांना कळायचं नाही, पण कुठल्या दाराकडं पळायचं ते बरोबर कळायचं.

डिसेंबर 2000 मध्ये आयडॉस या कंपनीनं हा गेम बाजारात आणला. नायक डेव्हिड जोन्स, एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या खास कमांडो तुकडीचा माजी सैनिक. चोरीला गेलेला अणुबाँब शोधत तो इस्टोनियापर्यंत जातो. एकूण 14 मिशन.

दोषही ढळढळीत होते. एकदा अलार्म वाजला की बराकीतून सैनिक निघतच राहायचे, संपायचं नावच नाही. शेजारचा गडी गोळी लागून पडला तरी दुसरा निवांत उभा, असंही व्हायचं. पण सगळ्यात मोठी खोट म्हणजे मिशनच्या मध्येच गेम सेव्ह करायची सोय नव्हती. मेलात की पहिल्यापासून. तिकडच्या समीक्षकांनीही यावर टीका केली होती.

पण ओस्लोत लाइट जात नसावी हो! आपल्याकडं भारनियमनाचे दिवस. अर्ध्या-पाऊण तासाच्या मेहनतीनं पोरगं शेवटच्या इमारतीपाशी पोचलेलं, आणि पंखा बंद. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच मान टाकलेली. “गेली की रे लाइट!” लाइट आली की पुन्हा तीच टेकडी, तेच कुंपण. तरी पोरं उठायची नाहीत, आणि याचं श्रेय मी त्या सेव्ह नसण्यालाच देतो. मरणं महाग होतं म्हणून जपून, वाकून, सरपटत खेळायची. सगळ्या वाटा तोंडपाठ झालेल्या. एका वेळी एकच जण खेळू शकायचा, म्हणून चौघं खुर्चीमागं उभे राहून सांगायचे, “टॉवरवर एक हाय बघ, त्याला आधी घे!” सेव्हचं बटण असतं तर एवढी गर्दी जमली असती, असं मला वाटत नाही.

2003 मध्ये दुसरा भाग आला, यावेळी कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीमार्फत. रशिया, लिबिया आणि चीनमधल्या मोहिमा. लोकांच्या तक्रारी ऐकलेल्या दिसत होत्या. मिशनमध्ये सेव्ह करता येऊ लागलं, तेही मोजकेच वेळा. आणि अनेकांना एकत्र खेळायची सोय झाली. आमच्याकडं मात्र एकत्र खेळायला तोवर काउंटर स्ट्राइक घट्ट बसला होता.

त्याच वर्षी इनरलूप बंद पडली. पुढं 2019 मध्ये दुसऱ्याच लोकांनी ‘आयजीआय ओरिजिन्स’ हा नवा भाग जाहीर केला, झलकही दाखवली, पण गेम काही आला नाही. जुना पहिला भाग आजही इंटरनेटवर रीतसर विकत मिळतो, आणि साध्या लॅपटॉपवर चालतो.